पटलं का, गुलाबराव?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाला बसतो. परवा त्याच्याकडे अर्धा किलो वांगी मागितली, तर वजन टाकायच्या आधी त्यानं तराजू उचलला आणि दोन्ही रिकामी पारडी माझ्या नाकासमोर धरली. मी म्हटलं, "हे काय?"

"काई नाई सर, सवय हाय," तो म्हणाला. "सोनकुसरे बाईनं लावली. बाई गेल्या, पण हात आपोआप वर जाते."

मी वांगी घेऊन घरी आलो. मिरच्या आणायच्या राहिल्या, त्यावरून बोलणी खाल्ली. पण दिवसभर डोक्यात नंदाबाईच होत्या.

नंदाबाई सोनकुसरे आणि मी एकाच शाळेत नोकरी केली. त्या भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या, मी चित्रकला. म्हणजे त्यांच्या तासाला वर्गात शांतता असे आणि माझ्या तासाला हा वर्ग आहे की बाजार हे मुख्याध्यापक स्वतः येऊन बघून जात. बाई उंच, काटकुळ्या, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंही त्यांच्या नद्या पाठ करायची. लग्न केलं नव्हतं. घर विणकरांचं, वडील हातमागावर लुगडी विणायचे, आणि बाई जन्मभर हातमागाचंच पातळ नेसल्या. दुकानात कापड दाखवलं की ते उचलून आधी दारात यायच्या आणि उन्हाकडे धरून बघायच्या. दुकानदार बिचारा मागोमाग रस्त्यावर. वर्गात त्यांची मराठी पुस्तकातली, स्वच्छ. राग आला किंवा जीव गुंतला की मात्र अस्सल नागपुरी. त्यामुळे बाई "का?" ऐवजी "काहून?" म्हणाल्या की आम्ही समजायचो, आज कुणाचं तरी खरं नाही.

मला त्या पहिल्यांदा नीट कळल्या त्या मॉनिटरच्या निवडणुकीत. बाकी आम्ही मॉनिटर कसा नेमायचो? जो सर्वांत कमी ओरडतो तो, किंवा जो सर्वांत जास्त ओरडतो तो. बाईंच्या वर्गात मतदान व्हायचं. खडूचा रिकामा डबा, कागदाच्या चिठ्ठ्या, आणि नकाशाच्या मागे जाऊन नाव लिहायचं. डबा आधी उलटा करून सगळ्या वर्गाला दाखवायचा. मोजणी झाली की जे पोर हरलं, त्यानं पुढे येऊन पुन्हा स्वतःच्या हातानं सगळ्या चिठ्ठ्या मोजायच्या. मग बाई एकच विचारायच्या, "पटलं का?" ते पोर "पटलं" म्हणेपर्यंत नव्या मॉनिटरला फळ्यापाशी यायची मुभा नसे.

एकदा एक मुलगी हरली. नाक ओढत, डोळे पुसत चिठ्ठ्या मोजत होती. मी दारातून बघत होतो, मला काही ते बघवेना. मधल्या सुट्टीत मी बाईंना म्हटलं, "हरलेल्या पोरीलाच मोजायला लावता? जखमेवर मीठ कशाला?"

बाईंनी बशीतला चहा एका घोटात संपवला. "मोहिते सर, जिंकणाऱ्याले कसंही पटते. त्याले चिठ्ठ्या दाखवा का नका दाखवू. निवडणूक हारणाऱ्यासाठी असते. तो घरी जाऊन नीट जेवला पाह्यजे."

मग त्या मुलीनं डबा खाल्ला का, हे बघायला त्या वर्गात गेल्या. खाल्ला होता.

इलेक्शन ड्यूटी लागायची चाहूल आली की आम्ही मास्तर लोक आजारपणं शोधायचो. माझी कंबर तर आचारसंहितेबरोबरच धरायची. बाई मात्र पातळाला इस्त्री करून तयार. एका वर्षी माझ्या कमरेवर कुणी विश्वास ठेवला नाही आणि खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कामगार वसाहतीतल्या शाळेत बाई केंद्राध्यक्ष आणि मी बोटाला शाई लावणारा, अशी आमची नेमणूक झाली.

सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मशीन तपासायचं असतं. सगळ्यांनी मिळून नमुन्याची मतं टाकायची, पडलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या, मशीनचा आकडा जुळतो का बघायचं, मग मशीन कोरं करून दाखवायचं आणि सील. त्या दिवशी एका अपक्षाचा प्रतिनिधी डोळे चोळत आला. त्याच्या उमेदवाराला घरातली तरी मतं मिळतील का, ही शंकाच होती. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर पूर्ण भरोसा हाय. सही कुठं करू तेवढं सांगा, मी चहा पिऊन येतो."

"भरोसा घरी ठेवून ये गा," बाई म्हणाल्या. "इथं डोळे लागतात."

त्याला त्यांनी बटण दाबायला लावलं, चिठ्ठी पडताना वाकून बघायला लावलं, आणि सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच हातानं मोजून घेतल्या. मोठ्या पक्षांची माणसं घड्याळं बघत ताटकळली. त्यानंतर तो गडी दिवसभर जागचा हलला नाही. चहा तिथंच मागवला, आम्हालाही पाजला. संध्याकाळी सीलवर सही करताना म्हणाला, "मॅडम, आमचा माणूस पडते हे पक्कं हाय. पण आता मले सांगता येईन, तो खराच पडला."

परतीच्या गाडीत मी बाईंना विचारलं, मशीनवर तुमचा विश्वास आहे का. त्या म्हणाल्या, "मशीनले मी भेत नाई. मशीनजवळ आपल्याले उभंच राहू देल्लं नाई तं, त्याले भेते." मला ते वाक्य तेव्हा उगाच मोठं वाटलं. मी खिडकीला डोकं टेकून झोपलो.

बाईंचा खरा जीव होता तो विणकरांच्या मंडळात. त्यांच्या वडिलांच्या पिढीतल्या विणकरांनी वर्गणी काढून महालापलीकडे एक लांबलचक पत्र्याची शेड बांधली होती. ज्याच्या घरात मागाला जागा नाही, त्यानं तिथे विणायचं. आता तिथे दोन-चारच माग खडखडत होते. बाकी घरांतली मुलं कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. पण शेड मंडळाची आणि मंडळ सगळ्या घरांचं. त्याची निवडणूक सरकारी नव्हे, घरचीच असायची.

तिची मोजणी मी एकदा पाहिली. हातमागाखाली जमिनीत खड्डा असतो, विणकर काठावर बसून पाय त्यात सोडतो. मंडळाची मोजणी अशाच एका रिकाम्या खड्ड्यावर व्हायची. पेटी म्हणजे पत्र्याची जुनी ट्रंक, झाकणाला लोहाराकडून पाडून घेतलेली फट. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस खड्ड्यात पाय सोडून समोरासमोर बसणार, चिठ्ठ्या त्यांच्या हातांपाशी जमिनीवर, आणि सगळं मंडळ भोवती दाटीवाटीनं. असं बसलेल्या माणसाला हात लपवायला जागाच नसते. एकच बाजू आली असेल तर पेटी उघडायची नाही, मग कितीही वाट बघावी लागो. मोजून झालं की हरलेल्या बाजूचा माणूस पुन्हा मोजणार आणि मोठ्यानं "पटलं" म्हणणार. त्यानंतर चहा-चिवडा. मॉनिटरची निवडणूक बाईंनी कुठून उचलली, ते मला तिथे कळलं.

गुलाबराव नंदनवार हे बाईंचे तिथले कायमचे विरोधक. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पान खाणारे, गोड बोलणारे. शेड आता रिकामीच पडली आहे, ती बिल्डरला द्यावी, नव्या इमारतीत मंडळाला हॉल मिळेल, हे त्यांचं म्हणणं. एक माग चालू आहे तोवर शेड हलता कामा नये, हे बाईंचं. वर्षानुवर्षं दोघं भांडले. कधी हे हरले, कधी त्या. खड्ड्यावर समोरासमोर हेच दोघं बसायचे आणि "पटलं" म्हणून पुढच्या भांडणाला मोकळे व्हायचे. मला तर वाटे की यांचं भांडण मिटलं तर दोघंही आजारी पडतील.

मग मंडळाच्या निवडणुकीत मोबाइल आला. बाहेरगावच्या सभासदांना मत देता येत नाही ही तक्रार जुनी होती आणि खरीही होती. बाईंच्याच बाजूचा पुढारी, त्यांचा भाचा प्रशांत, सदर भागातल्या एका कंपनीशी बोलून आला. फोनवर ॲप, त्यावर बटण, संध्याकाळी निकाल. बाईंनी त्याला विरोध केला नाही. त्या फक्त सभेत उठून म्हणाल्या, "मत खाटेवरून द्या, हैदराबादेतून द्या. पण मोजणी खड्ड्यावर झाली पाह्यजे." त्यावर सगळे हसले. बाई इकडे तिकडे बघत राहिल्या, त्यांना आपण काही विनोद केल्याचं ठाऊक नव्हतं.

निकाल फोनवरच आला. बाईंची बाजू जिंकली, बाई अध्यक्ष झाल्या. पोरांनी फटाके लावले. आम्ही दोघंही तोवर निवृत्त झालो होतो, मी पेढे खायच्या बेतानं त्यांच्या घरी गेलो, तर बाई कपाळावरचा गुलाल पुसून, चपला घालून दारात उभ्या. "मोहिते सर, गाडी काढा. गुलाबरावकडे जायचं हाय."

गुलाबराव ओट्यावर बसले होते. बाईंना बघून उठून उभे राहिले.

"पटलं का, गुलाबराव?"

"जिंकलेला माणूस असा घरी इचारायले येते का बाई?" ते हसले. मग हसणं ओसरलं. "नाई पटलं. आमच्या गल्लीनं मले मत देल्लं म्हणते, आकडा तसा दिसत नाई. लोकं तोंडावर खोटं बोलत असतीन, तेही होऊ शकते. पण मी मोजू काय? हवा?"

"मी दाखवते तुमाले," बाई म्हणाल्या.

एवढं एक वाक्य त्या बोलून बसल्या आणि त्यातच अडकल्या.

सदरच्या त्या ऑफिसात त्यांना मीच घेऊन गेलो. थंडगार काचेची खोली, गुळगुळीत टेबलं. एका तरतरीत मुलानं आम्हाला पाणी दिलं, मॅडम मॅडम केलं. बाईंनी सांगितलं, आमच्या मंडळाची मतं बघायची आहेत.

"रिझल्ट पाठवला ना मॅडम."

"रिझल्ट नाई. मतं."

"ते नाही दाखवता येत. सिस्टम एकदम सिक्युअर आहे."

"कोणाले दाखवता येते? तुले दिसतात?"

"मलाही नाही दिसत मॅडम. ते आमच्या मेन ऑफिसला असतं. कुणालाच दिसत नाही, म्हणून तर सिक्युअर." आणि त्यानं एक कागद छापून दिला. सगळं बरोबर झालं असल्याचा दाखला. खाली शिक्का होता.

बाईंनी तो कागद खिडकीकडे नेला आणि उजेडाकडे धरला. मला हसू आलं आणि ते लगेच गेलंही. परत येऊन त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "तू चांगला पोरगा हायेस. तुह्या आईनं डबा देल्ला, तं तू उघडून जेवशीन का डब्यावरची चिठ्ठी वाचून पोट भरशीन?" मुलगा ओशाळून हसला. त्याची काही चूक नव्हती. त्यानं आम्हाला लिफ्टपर्यंत सोडलं.

त्या दिवसापासून बाई अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या नाहीत. सभेत खुर्ची रिकामी आणि बाई तिच्या शेजारी सतरंजीवर. गुलाबराव "पटलं" म्हणेपर्यंत आपण अध्यक्ष नाही, असं त्यांनी जाहीर केलं. प्रशांत वैतागला. एकदा माझ्या समोरच म्हणाला, "मावशी, आपण जिंकलो ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. कायले उकरून राह्यली?"

"मूठ माही नाई बापू," बाई म्हणाल्या. "लोकाइची हाय. ती उघडावीच लागते. आज जिंकलो म्हणून गप बसलो, तं उद्या हारू तवा कोणत्या तोंडानं मांगशीन?"

"हारू तवा पाहू."

पुढच्या सभेत त्यांनी मांडलं की फोनवरून मत दिलं की त्याची एक चिठ्ठी शेडमध्ये छापू द्या, देणाऱ्याला ती फोनवर दिसून ट्रंकेत पडू द्या, आणि ती चिठ्ठी खड्ड्यावर मोजू द्या. कार्यकारिणीत सगळे त्यांचेच होते. सगळ्यांनी हात वर करून ते फेटाळलं. स्वतःच्याच माणसांनी असं पाडल्यावर बाई सतरंजीवरून उठल्या, सवयीनं म्हणाल्या, "पटलं. हात दिसले मले." आणि घरी गेल्या. त्यानंतर त्या झपाट्यानं खंगल्या. भाजीवाल्याकडे उभ्या राहायच्या, रिकामी पारडी बघायच्या आणि भाजी न घेताच निघून जायच्या. घरी गेलो तर चहा उकळून जायचा. मला त्यांची भीती वाटायला लागली. माणूस एकाच गोष्टीपाशी एवढा थांबून राहिला की त्याच्याशी बाकीचं काय बोलावं ते सुचत नाही.

वर्ष सरायच्या आत गुलाबरावांच्या बाजूनं शेडचा विषय पुन्हा काढला. शेड बिल्डरला द्यायची की नाही, सर्व सभासदांचं मतदान. तेच ॲप, तीच कंपनी. संध्याकाळी निकाल आला. द्यायची.

मी शेडमध्ये पोचलो तेव्हा प्रशांत आणि त्याची मंडळी बाईंना घेरून उभी होती. सगळे एकदम बोलत होते. हे शक्यच नाही, आमच्या घरची मतं कुठं गेली, काहीतरी घोळ आहे.

"मागच्या खेपेले घोळ नव्हता काय गा?" बाईंनी विचारलं.

प्रशांत म्हणाला, "मावशी, आता ते नको काढू. आता काय करायचं ते सांग."

बाई त्या मोजणीच्या खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या, पाय आत सोडून. त्यांनी वर बघितलं. नागरिकशास्त्र शिकवणारा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मले एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "मी हारली का मले हरवलं? असंही असन का लोकाइले खरंच शेड नको असन. पोरं बाहेर गेली, मागावर कोणाचं घर चालते आता? त्याइचं खरं असन. तसं असन तं मी मुकाट घरी जाईन, जेवीन. पण मले समजू तं द्या ना. कोणाले इचारू मी?"

बाई रडत होत्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि आपण तिथून निघून जावं असं मला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा गाडी काढायला लावली. गुलाबरावांनी चहा केला, बशीतून दिला, बाईंची सवय त्यांना ठाऊक होती.

"गुलाबराव, आता मले नाई पटलं."

"माहीत हाय बाई."

"तुमी मागणी करा. जिंकलेल्यानं मागणी केली का दाखवावंच लागन त्याइले. दोघं मिळून सदरले जाऊ."

गुलाबरावांनी अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरायला लागले. "तवा मले नाई पटलं, तं तुमच्या लोकाइनं दाखवलं काय? आता मीच काहून?" मग त्यांना आपलंच बोलणं लागलं असावं. "तुमी मांगत होत्या. खोटं कायले बोलू, मांगत होत्या. पण बाकीचे हसून राह्यले होते ना बाई, माह्या तोंडावर."

बाईंनी चहा तसाच ठेवला.

शेड पाडायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात बाईंनी शेवटचं काय ते केलं. त्या घरोघर गेल्या, निम्म्या घरी माझ्या गाडीवर बसून, आणि सगळ्यांना सांगितलं की रविवारी शेडमध्ये चिठ्ठीचं मतदान आहे. शेड द्यायची की ठेवायची. प्रशांत म्हणाला, ही मोजणी कुठंच चालणार नाही. "माह्यासाठी चालन," बाई म्हणाल्या. "द्यायची निघाली तं मीच 'पटलं' म्हणते, मीच पयला पत्रा काढून देते."

लोक दारातच म्हणायचे, बाई, झालं ते झालं. कुणी टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचे. एका घरात सून आतून सासूला म्हणाली, "त्याच मोजणीवाल्या बाई होत वं." बाईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं करून पुढचं दार वाजवलं.

रविवारी सकाळी त्यांनी ट्रंक उलटी करून दाखवली. दाखवायला मी, दोन विणकर आणि एक म्हातारी होती. झाकणाला लाख लावली. हातमागाचं नवं पातळ नेसल्या होत्या. दिवसभरात माणसं आली, नाही असं नाही. चालू मागांवरचे सगळे आले, काही म्हातारे नातवांच्या हाताला धरून आले, प्रशांत आणि त्याचे मित्र आले. काही जण चिठ्ठी टाकून मान खाली घालून भराभर निघून गेले, ते कुठल्या बाजूचे, कुणास ठाऊक. पण दुसऱ्या बाजूचा म्हणून मोजायला बसेल असं कुणी आलं नाही.

ऊन कलल्यावर प्रशांत म्हणाला, "मावशी, उघड आता. मोजून टाकू."

बाई खड्ड्याच्या एका काठावर बसल्या होत्या. समोरच्या रिकाम्या काठाकडे बोट करून म्हणाल्या, "इथं कोण बसन?"

"कोणीही बसते."

"हे तं सारे आपलेच होत."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, मी बसतो. मी ना तुमच्या बाजूचा, ना त्यांच्या."

त्या माझ्याकडे बघून जराशा हसल्या. "तुमचं कुठं काय जाऊन राह्यलं सर? तुमाले कसंही पटन."

आणखी थोडा वेळ त्या बसल्या. बाहेर पाडकामाची गाडी आधीच येऊन उभी होती, ड्रायव्हर तिच्या सावलीत आडवा झाला होता. दारातून कुणी गेलं की बाई मान वर करायच्या. शेवटी प्रशांतनं लाखेला हात घातला, तर त्यांनी तो हात नुसता बाजूला केला. रागावल्या नाहीत. एकट्या बाजूनं पेटी उघडली तर मग त्या ॲपमध्ये आणि आपल्यात फरक काय, एवढंच म्हणाल्या, आणि ट्रंक घरी न्यायला ई-रिक्षा बोलवायला सांगितली.

शेड बुधवारी पडली. मला मुलाकडे पुण्याला जावं लागलं, तिथे मुक्काम लांबला, आणि बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. ट्रंक आता प्रशांतच्या घरी आहे. लाख तशीच. उघडायचा धीर होत नाही, म्हणाला. म्हणजे मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच.

त्या ई-रिक्षात मागच्या सीटवर बसल्या होत्या, ट्रंक मांडीवर, एवढी मोठी की समोरून बघितलं तर बाई अर्ध्याच दिसत होत्या. मी गाडी घेऊन मागे चाललो होतो. चौकातल्या पानठेल्यापाशी त्यांनी रिक्षा थांबवली. गुलाबराव बाकावर एकटेच बसले होते. शेडपासून ही जागा हाकेच्या अंतरावर. ते दिवसभर तिथेच बसले असावेत, बाकापुढे पानाच्या पिंका पडल्या होत्या.

"गुलाबराव," बाई म्हणाल्या, "वाट पाह्यली तुमची."

गुलाबराव ट्रंकेकडे बघत राहिले. "आता काय राह्यलं बाई मोजायले?"

"ते उघडल्याबिगर कसं सांगू?" बाईंचा आवाज अगदी बसला होता. "सवड झाली का या. एकटी नाई उघडणार मी."

गुलाबरावांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला मागून कळलं नाही. रिक्षा सुरू झाली. बाई दोन्ही हात ट्रंकेवर ठेवून, मान पूर्ण मागे वळवून बघत होत्या. मला वाटलं माझ्याकडेच बघताहेत, म्हणून मी हात केला. पण त्या माझ्यापलीकडे बघत होत्या. वळणावर मीही मागे बघितलं. गुलाबराव बाकावरून उठले नव्हते.